कटावरचा लेख

लेखाची पहिली ओळ आबांनी वाचली, चष्मा कपाळावर सरकवला आणि मला विचारलं, "हे सुजाण नागरिक कोन हायेत?"

मी म्हणाले, "तशी पद्धत असते. वाचकाला जरा मान द्यायचा."

"आपल्या गावात तर मला एक बी दिसला न्हाई आजवर," आबा म्हणाले आणि त्यांनी ती ओळ खोडली. मग पुढची खोडली. तिसऱ्या ओळीत 'आत्मपरीक्षण' असा शब्द होता, तो त्यांनी मोठ्याने वाचून दाखवला आणि नुसतेच माझ्याकडे बघत राहिले. तोही मीच खोडला.

आबा, माझे वडील, जन्मभर एसटीत कंडक्टर होते. मी बीडच्या एका कॉलेजात मराठी शिकवते आणि अधूनमधून इथल्या एका दैनिकात लिहिते. गावात मला त्यामुळे लेखिका म्हणतात. आबांना मात्र माझ्या लिहिण्याचं कधी फार कौतुक वाटलं नाही. त्यांच्या मते पब्लिकला फक्त दोन वाक्यं ऐकू येतात. एक, पुढं सरका. दुसरं, सुटे द्या. बाकी सगळं खिडकीतून बाहेर जातं. "आणि पुढं सरका बी तेव्हाच ऐकू येतं," ते म्हणायचे, "जेव्हा मागून कोनीतरी ढकलतं."

तरी लेख मी त्यांच्याकडेच नेला होता, कारण तो त्यांच्यासाठीच लिहिला होता. हे त्यांना सांगितलं असतं तर त्यांनी हातसुद्धा लावला नसता. म्हणून सांगितलं की पेपरला द्यायचाय, सर्वसामान्य वाचकांसाठी आहे, जरा डोळ्यांखालून घाला.

विषय कटाचा होता. आमचं गाव मांजरसुंब्याहून चौसाळ्याकडे जाताना रस्त्याला अगदी खेटून आहे. रस्ता चौपदरी झाला तेव्हा घरं एका बाजूला राहिली आणि गिरणी, बसथांबा, चहाच्या टपऱ्या, पंक्चरचं दुकान दुसऱ्या बाजूला. मध्ये दुभाजक. पलीकडे जायला बोगदा आहे, नाही असं नाही, पण तो पार पुढे नाल्याजवळ. चालत तिथपर्यंत जायचं तर चहा प्यायची इच्छा वाटेतच मरते. पावसाळ्यात त्यात गुडघाभर पाणी असतं आणि उरलेल्या दिवसांत म्हशी असतात. मग एक दिवस गावकऱ्यांनी मिळून दुभाजक फोडला. फोडून तसाच टाकला नाही. मुरूम पसरला, कडांना चुना मारला, मोटारसायकल जाईल असा उतार केला. इतकं मन लावून गावाने दुसरं कुठलं काम केल्याचं मला आठवत नाही. त्या फोडलेल्या जागेला सगळे कट म्हणतात. बसमधला कंडक्टरही आता गावाचं नाव घेत नाही. "चला, कटावरचे कोन हाय," म्हणून ओरडतो.

माझी आई या कटावर गेली. गिरणीवरून दळण घेऊन घरी येत होती. ज्वारीचं पीठ होतं. ते रस्त्यावर सांडलं, त्यावरून गाड्या जात राहिल्या आणि चाकांचे पांढरे पट्टे लांबपर्यंत उमटले, असं मला पुष्कळ लोकांनी सांगितलं. मी कोणालाही विचारलं नव्हतं. प्रत्येकाला वाटायचं की हे मला अजून कोणी सांगितलेलं नसणार.

आई गेल्यावर आबा बीडला माझ्याकडे येतील असं मी धरून चालले होते. त्यांची खोलीही झाडून ठेवली. आबा आले नाहीत. घराला कुलूप लावायला त्यांना जमेना. बरं, राहा गावात. पण हा माणूस रोज संध्याकाळी त्याच कटावरून पलीकडे जायला लागला. पलीकडे त्यांच्या मित्राचं पंक्चरचं दुकान आहे. आम्ही त्यांना चाचा म्हणतो. दोघांची दोस्ती जुनी, एसटीतली. हे कंडक्टर, चाचा डेपोत टायरकडे. चाचांच्या बाकड्यावर बसून चहा प्यायचा, पेपर वाचायचा, एकमेकांना शिव्या द्यायच्या आणि दिवस कलताना परत कट ओलांडून घरी यायचं. मी फोनवरून समजावलं, ओरडले, रडले. आबा ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "बरं." ते 'बरं' मला पाठ आहे. बसच्या टपावर बसू नका म्हटल्यावर पोरं जसं 'बरं' म्हणायची, तसं.

रोज संध्याकाळी मला भीती वाटायची. वर्गावर असो की स्वयंपाकघरात, एका ठरावीक वेळेला हातातलं काम थांबायचं, आणि आबांचा "पोचलो" असा फोन आला की पुन्हा सुरू व्हायचं. ते फोन करायला विसरले तर मी चाचांना करायची. त्यांचा हात ग्रीसने भरलेला असायचा, ते उचलायचे नाहीत. तेवढ्या वेळात मी मनातल्या मनात सगळं उरकून घ्यायची, म्हणजे निरोप, गाडी, पोस्टमार्टेमची रांग, सगळं. अशीच एकदा बसले आणि लेख लिहून काढला.

आता तो पहिला खर्डा वाचला की माझी मलाच लाज वाटते. त्यात 'जीवन हे अनमोल आहे' असं चक्क लिहिलं होतं. मुलांनी निबंधात हे वाक्य लिहिलं की मी त्याखाली लाल रेघ ओढते. पण लोकांना काही पटवायला बसलं की असली वाक्यं आपोआप येतात. समोर हजार माणसं आहेत असं मनात धरलं की एकाही माणसाशी धड बोलता येत नाही.

आबा मात्र कामाला लागले. बाजेवर बसून, पाठीला उशी लावून त्यांनी लेख असा तपासला की जणू तिकिटांचा हिशेब द्यायचाय. लांब वाक्य आलं की पेनाने टकटक करायचे. "इथं बस थांबव. माणसं उतरू दे." मी वाक्य तोडायची. बोगद्याची भलामण मी फार केली होती, ती वाचून त्यांनी विचारलं, "तू गेलतीस का कधी त्या बोगद्यातून?" मी गेले नव्हते. "मग पब्लिकला कावून पाठवतीस?" म्हणाले आणि परिच्छेद गेला. मला राग येत होता आणि बरंही वाटत होतं. आई गेल्यापासून आम्ही दोघं इतका वेळ एकत्र बसलोच नव्हतो. लेख सुधारत होता, आणि मला वाटत होतं, खोडता खोडता काहीतरी त्यांच्या आत जाईल.

मग ते एका वाक्यापाशी थांबले. वाक्य असं होतं : 'या कटावर जे गेले, ते क्षणभराच्या घाईपायी गेले.'

आबांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "पेपरात बी असंच छापून आलतं."

आलं होतं. आई गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी, आतल्या पानावर, चार ओळी. घाईने रस्ता ओलांडताना वृद्ध महिलेचा मृत्यू. त्या दिवसांत मी काही वाचण्याच्या परिस्थितीत नव्हते. आबांनी वाचलं होतं. ते पेपर पहिल्या पानावरच्या नावापासून शेवटच्या पानावरच्या छापखान्याच्या ओळीपर्यंत वाचतात.

"तुझी माय कधी घाई करायची का?" त्यांनी विचारलं. "बसला कधी पळत आली का ती? बस गेली तर गेली म्हणायची, दुसरी येती म्हणायची. मी कंडक्टर असून माझी बस चुकवायची."

हे खरं होतं. आईच्या संथपणावरून आमच्या घरात सगळ्यांनी हसून घेतलं होतं. मी ते वाक्य लिहिताना आईला धरलंच नव्हतं, 'जे गेले' असं कुणातरी दुसऱ्यांबद्दल लिहिलं होतं. 

त्या संध्याकाळी मी आबांबरोबर चाचांच्या दुकानात गेले. होय, कटावरूनच गेले. चाचांनी बाकडं पुसून मला बसायला दिलं आणि आबांनी त्यांना सांगितलं, "सांग हिला."

"छोड ना यार," चाचा म्हणाले.

"सांग बे."

चाचा टायर सोडून उकिडवे बसले. "बेटा, म्या बगितलं ना. ती थांबलती. लई वेळ थांबलती तिथं मधी, दुभाजकात. डब्यावर एक हात धरून. तिकडून येनारं दिसतच न्हाई तिथून. तवा तिथं बड्डेचा फ्लेक्स होता, हा एवढा. ती वाकून बगायलती. मंग पुढं पाय टाकला, बगायसाठीच टाकला."

मी उठून कटात जाऊन उभी राहिले. आपल्याकडे कटावर फ्लेक्स लावायची पद्धत आहे. दुभाजकाच्या मातीत बांबू रोवायचे आणि रस्त्याला समांतर, बसथांब्याकडे तोंड करून फ्लेक्स ताणायचा, कारण थांब्यावर माणसं बसलेली असतात आणि बसलेल्या माणसांना वाचण्यावाचून इलाज नसतो. घरांच्या बाजूने नुसती पांढरी पाठ दिसते. कोणाचा वाढदिवस असो, नेमणूक असो, कोणाचा पोरगा पोलीस भरतीत निघालेला असो, फ्लेक्स कटावर. आणि माणूस कटावर गेला तर त्याच्या भावपूर्ण श्रद्धांजलीचा फ्लेक्ससुद्धा कटावरच. गिरणीकडून घराकडे येताना अर्धा रस्ता ओलांडून माणूस दुभाजकात थांबतो, तेव्हा त्याला डावीकडून येणारी गाडी दिसायला पाहिजे. तिथे बरोबर फ्लेक्स असतो. मुंडी बाहेर काढल्याशिवाय काही दिसत नाही, आणि मुंडी बाहेर काढायची म्हणजे रस्त्यावर यायचं.

आईच्या वेळचा तो वाढदिवसाचा फ्लेक्स आता नव्हता. बांबू तेच होते. त्या बांबूंवर आता आईचा फ्लेक्स होता.

गावातल्या पोरांनी तिच्या तिसऱ्या दिवशी लावलेला. पोरांचा हेतू वाईट नव्हता, आईच्या हातच्या भाकरी त्यांच्यातल्या कित्येकांनी खाल्लेल्या होत्या. मी तो फ्लेक्स येता-जाता शंभरदा पाहिला होता, आणि तो कुठे उभा आहे हे मला त्या संध्याकाळी पहिल्यांदा दिसलं.

दुसरा खर्डा मी बीडला येऊन एका बैठकीत लिहिला. या वेळी शब्द शोधावे लागले नाहीत. बोगदा गेला, अनमोल जीवन गेलं, घाई गेली. लोक कटावरून जाणारच आहेत, हे मी मान्य करून टाकलं. मागणी एकच ठेवली. फ्लेक्स काढा. गेलेल्या माणसाचा फोटो लावून आपण पुढच्या माणसाची नजर झाकतो आहोत, एवढंच लिहिलं, आणि कटात उभं राहिल्यावर काय दिसतं आणि काय दिसत नाही ते लिहिलं. मला स्वतःला तो लेख चांगला वाटला. असं मी सहसा म्हणत नाही.

पुढच्या रविवारी चाचांच्या बाकड्यावर आबांनी तो मोठ्याने वाचला. त्यांचा आवाज अजून बसच्या मागच्या सीटपर्यंत जाईल असा आहे. चहावाला, गिरणीवाला, थांब्यावरचे दोघे-तिघे, सगळे ऐकायला गोळा झाले. वाचून झाल्यावर सगळ्यांनी माना हलवल्या. "बराबर हाय." "लई भारी लिवलंय." "हे कोनीतरी बोलायलाच पायजे होतं." एकाने तर तिथल्या तिथे बोट दाखवून सांगितलं, तो बघा, तो नवा वाढदिवसाचा फ्लेक्स, तो आधी काढला पाहिजे, काय गरज आहे त्याची. ज्याच्या पुतण्याचा वाढदिवस होता तो गिरणीवाला तिथेच उभा होता. तो म्हणाला, वाढदिवसाचा तर दोन दिवसांत निघतो, पण ते श्रद्धांजलीचे वर्ष वर्ष राहतात त्यांचं काय? यावर तिसरा म्हणाला, "माझ्या भावाचा आत्ताच लावलाय. वर्ष तर होऊ द्या." भावाचं दुःख ताजं होतं. मग चहा आला आणि विषय पावसावर गेला.

वर्गात मी मुलांना शिकवते की लेख लिहिताना सर्वसामान्य वाचक डोळ्यांपुढे ठेवा. मी स्वतः तो माणूस पहिल्यांदा त्या दिवशी पाहिला. तो समजूतदार असतो, भला असतो, त्याला प्रत्येक वाक्य पटतं, आणि तो मनातल्या मनात शेजाऱ्याकडे बोट दाखवत असतो. त्याला पटवणं अगदी सोपं आहे. पटवून पुढे काय करायचं, हे मला ठाऊक नाही.

लेखाला शेवट नव्हता. दैनिकाच्या संपादकांना मी तो पाठवला तर त्यांचा फोन आला. "मॅडम, झकास झालाय, पण कोरडा वाटायलाय. आईचं अजून थोडं टाका. पीठ सांडलेलं टाका. आणि शेवटी काहीतरी ठोस पायजे, कृती." पीठ मी टाकलं नाही. कृतीचं मात्र त्यांचं बरोबर होतं. मी शेवटी दोन वाक्यं लिहिली : 'सुरुवात मी माझ्या घरापासून करणार आहे. कटावरचा माझ्या आईचा फलक मी स्वतः उतरवणार आहे.'

ती वाक्यं घेऊन मी पुन्हा बाजेपाशी जाऊन बसले. आबांनी सावकाश वाचलं. पेन उचललं, वाक्याखाली धरलं, पण खोडलं नाही.

"हे राहू दे," ते म्हणाले. "याच्यानं लेख उभा राहतो."

मला इतकं हलकं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. "मग आजच काढू या का? पोरांना बोलावते, बांबू ढिले करायला."

"काय काढायचं?"

"फ्लेक्स, आबा."

"फ्लेक्स कावून काढायचा?"

"तुमीच म्हणालात ना, वाक्य राहू दे."

"वाक्य राहू दे म्हणलं," आबा शांतपणे म्हणाले. "ते पब्लिकसाठी हाय."

मी कागद बाजेवर आपटला. मोठ्या आवाजात बोलले, जे बापाशी बोलू नये ते बोलले. म्हणाले, त्या फ्लेक्समागून गाडी आली तर तुमचाही फ्लेक्स त्याच बांबूंवर लागेल, आणि मग मी काय करायचं, दोघांच्या फ्लेक्सवर लेख लिहीत बसू का? आबांनी मला बोलू दिलं. मी दमून थांबले तेव्हा त्यांनी विचारलं, "तुझ्या मायचा दुसरा फोटो हाय का कुटं?"

नव्हता. एक आधार कार्डावरचा, त्यात ती घाबरल्यासारखी दिसते. आणि एक माझ्या लग्नातला, घोळक्यातला. त्यातूनच पोरांनी तिला कापून घेतली होती, मागे निळं आभाळ टाकलं होतं, पदराचा रंगही जरा बदलला होता. पण चेहरा तिचाच. लग्नात फोटो काढणारा मागे सरकता सरकता खुर्चीवर आपटला, त्याला ती हसत होती. तसं हसताना आम्ही तिला फार वेळा पाहिलेलं नाही.

"जाताना नुसतं पांढरं दिसतं," आबा म्हणाले. "येताना ती समोर असती. मी चाच्याकडून उठतो, ती बगत असती. मंग मी तिच्याकडं चालत येतो. बस."

चाचांचा चहा कशासाठी होता, ते मला तेव्हा कळलं.

"आणि गाड्या?"

"ऐकू येत्यात ना गाड्या."

मी खालच्या आवाजात म्हणाले, "आपण तो काढून घरात लावू. इथं, समोरच्या भिंतीला."

आबांनी भिंतीकडे पाहिलं. खरंच विचार केल्यासारखं पाहिलं. "भिंत पुरायची न्हाई," ते म्हणाले. "आणि घरात तिच्याकडं चालत कुटून यायचं?"

मराठी शिकवण्यात माझी निम्मी नोकरी गेली, मुद्दा कसा मांडायचा, खोडायचा कसा, हे मी पोरांना सांगत आले. त्या बाजेसमोर बसून मला एकही मुद्दा सुचला नाही. सुचला असता तरी मी तो बोलले असते की नाही, सांगता येत नाही.

तरीही लेखातून ती दोन वाक्यं मी काढली नाहीत. माझा एक डाव होता. आबा छापलेल्या अक्षराला फार मानतात. आपल्या घराने पेपरात शब्द दिला आहे, तो मोडायचा कसा, असं त्यांना वाटेल आणि एक दिवस ते स्वतःच म्हणतील, चल, काढू या. एवढ्या एका आशेवर मी लेख पाठवला.

लेख छापून आला. खालच्या अर्ध्या पानावर कोणाच्या तरी वाढदिवसाची जाहिरात होती, त्याला संपादकांचाही इलाज नव्हता. दिवसभर फोन आले. कॉलेजातल्या लोकांनी अभिनंदन केलं. कोणी म्हणालं डोळे उघडले, कोणी म्हणालं असं लिहायला धाडस लागतं. धाडस कसलं, मला तर नुसती भीती होती. आबांचा फोन संध्याकाळी आला. "आला बरं का. चाच्याला वाचून दाखवला. सगळ्यांनी वाचला." आवाजात असा आनंद होता की मी फ्लेक्सचं विचारलंच नाही. म्हटलं, प्रत्यक्ष गेल्यावर बघू.

रविवारी बसमधून कटावर उतरले आणि समोर बघितलं तर मीच होते.

आईच्या फ्लेक्सला लागून, कटाच्या अगदी तोंडाशी, नवा कोरा फ्लेक्स. त्यात माझा कमरेपर्यंत फोटो, हातात पुस्तक. 'आमच्या गावची शान, परखड लेखिका, ताईंचे हार्दिक अभिनंदन.' खाली शुभेच्छुक म्हणून गॉगल घातलेल्या पोरांचे चेहरे. आणि उजव्या बाजूला, लाल चौकटीत, माझा लेख. सगळाच्या सगळा. गेलेल्या माणसाचा फोटो लावून आपण पुढच्या माणसाची नजर झाकतो आहोत. सुरुवात मी माझ्या घरापासून करणार आहे. अक्षरं बारीक होती, पण जवळ गेलं तर वाचता येत होती.

आईच्या फ्लेक्सच्या कडेला आधी थोडी फट होती. चाचांनी मला सांगितलं होतं की तिथून डोळा लावला तर येणारी गाडी जराशी दिसते. त्या फटीत मला लावलं होतं.

पोरं धावत आली. एकाने माझी पिशवी घेतली. "ताई, कसा वाटला? तुमचा लेखच टाकला पुरा. पेपर कोन वाचतंय? आता येनारी जानारी सगळी पब्लिक वाचंल."

माझ्या तोंडून निघालं, "छान आहे." त्यांच्या तोंडावर जे होतं ते बघून कोणालाच दुसरं काही म्हणता आलं नसतं. जरा वेळाने मी म्हणून पाहिलं की बाबांनो, लेखात काय लिहिलंय ते वाचलंत ना? "वाचलं ना ताई. बराबर हाय," एक जण मनापासून म्हणाला. "पन हा अभिनंदनाचा हाय. आबांनी फोटो दिला."

आबा चाचांच्या बाकड्यावर बसले होते. इस्त्रीचा सदरा घातला होता. मला बघून उठले, हसले. आई गेल्यापासून मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. मी मनात हजार गोष्टी जुळवून आले होते. त्या तशाच ठेवून मी त्यांचा हात धरला.

"चल घरी," ते म्हणाले.

आम्ही निघालो. पहिल्या अर्ध्या रस्त्यात गाड्या उजवीकडून येतात. मी उजवीकडे बघत होते. आबांचा हात माझ्या हातात होता आणि तो सैल होता, लहान मुलाला जत्रेतून नेताना असतो तसा. मी वळून त्यांच्याकडे पाहिलं. ते रस्त्याकडे बघतच नव्हते. त्यांची मान वर होती, समोरच्या दोन फ्लेक्सकडे, आणि ते आपल्या चालीने चालले होते. एक टेम्पो हॉर्न वाजवत आमच्या अंगावरून गेल्यासारखा गेला. मी त्यांना ओढून दुभाजकात आणलं. तिथे, आई जिथे थांबली होती तिथेच, मी माझ्या स्वतःच्या फ्लेक्सच्या कडेला उभी राहिले आणि डावीकडे मला काहीही दिसत नव्हतं. आबांनी कान दिला. "चल," म्हणाले. आम्ही गेलो.

पलीकडे पोचल्यावरच मी त्यांचा हात सोडला. आबा म्हणाले, "दोघी सारख्याच दिसताय. मला आधी कळलंच न्हवतं."

तो फ्लेक्स मी काढला नाही. पोरं म्हणाली, आबांना विचारा. आबा म्हणाले, वर्षभर राहू दे. एकदा मनात आलं की कोणी नसताना जाऊन ब्लेड मारावं. पण माझ्याच्या शेजारी आईचा होता, आणि नुसता माझा फाडून काय होणार होतं.

परवा चाचांनी फोन केला. ते आपणहून फोन करत नाहीत, म्हणून पहिल्याच घंटीला मी फोन उचलला. "कुछ नहीं बेटा, घाबरू नको," ते म्हणाले. "तुझा बाप आता सकाळी बी येऊ लागलाय. सकाळी ऊन समोरून पडतं ना, तोंडं साफ दिसत्यात म्हनतो. तू जरा बोल त्याला. माझं आयकत न्हाई."

"चाचा, तुमी सांगा ना. बोगद्यातून या म्हणावं. नाहीतर मी लिहिलंय ते तरी ध्यानात घ्या म्हणावं."

"सांगितलं की," चाचा म्हणाले. "तेच सांगितलं. तर म्हनला, अरे, तेच तर वाचायला येतो रोज."